शार्कची भीती आणि अर्जातला एक रकाना

चाळिशी ओलांडलेल्या एका वाचक स्त्रीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातला मजकूर थोडक्यात असा: दोन महिन्यांनी त्या पती आणि काही मित्रकुटुंबांसह उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर सुटीला जाणार आहेत. तिथे शार्कसोबत स्कूबा डायव्हिंग करायचे सर्वांनी ठरवले असून आरक्षणही झाले आहे. ही डायव्ह सुमारे 25 मीटर खोलीवर होते आणि शार्क जवळ यावेत म्हणून पाण्यात माशांचे तुकडे आमिष म्हणून टाकले जातात. पतींकडे ओपन वॉटर हे डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र आहे, परंतु गेली कित्येक वर्षे ते पाण्यात उतरलेले नाहीत. पत्रलेखिकेने पूर्वी फक्त एकदा, प्रशिक्षकाचा हात धरून, उथळ पाण्यात डायव्ह केली आहे. 'आम्ही नवशिक्यांनाही नेतो' असे आयोजकांनी कळवले आहे. शार्कच्या नुसत्या विचाराने त्यांची झोप उडाली आहे. 'भीती एकदा मोडली की संपली' असे पती म्हणतात, आणि आपण नकार दिला तर सर्वांच्या आनंदावर विरजण पडेल असे त्यांना वाटते. ओघात त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. लहानपणी त्यांना दमा होता आणि अजूनही थंडीत कधीतरी इनहेलर घ्यावा लागतो, मात्र 'तसे लिहिले तर उगाच अडवतील' म्हणून वैद्यकीय अर्जातला तो रकाना 'नाही' असा भरण्याचा त्यांचा विचार आहे. शिवाय ही डायव्ह सुटीच्या शेवटच्या दिवशी सकाळी असून त्याच रात्री परतीचे विमान आहे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की शार्क खरोखर किती धोकादायक असतात आणि ही भीती घालवायची कशी.

उत्तर

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी देणारच आहे, परंतु तुमच्या पत्रातली मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी वाक्ये शार्कविषयीची नाहीत. दम्याचा उल्लेख आणि विमानाची वेळ, या जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींनी मला जास्त काळजीत टाकले. तुमची भीती खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. ती चुकीच्या जागी रोखलेली आहे, एवढेच मला दाखवून द्यायचे आहे.

आधी शार्कविषयी. शार्कच्या 500 हून अधिक जाती आज ज्ञात आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य जातींचा माणसाशी कधी संबंधच येत नाही. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांभोवती डायव्हरना सहसा दिसतात ते ब्लॅकटिप, व्हाइटटिप आणि ग्रे रीफ शार्क किंवा तळाशी निवांत पडून असलेले नर्स शार्क. माणूस जवळ आला की यातले बहुतेक शार्क अंतर राखून निघून जातात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा म्युझियमकडे जगभरातल्या शार्कदंशांची नोंद ठेवली जाते. त्या नोंदीनुसार 2024 मध्ये माणसाने काहीही चिथावणी न देता शार्कने चावा घेतल्याच्या 47 घटना जगभरात घडल्या आणि त्यांपैकी 4 प्राणघातक ठरल्या. वर्षभरात समुद्रात उतरणाऱ्या माणसांची अफाट संख्या पाहता हा आकडा फारच लहान आहे. त्यातही लाटांवर स्वार होणारे आणि पोहणारे यांचेच प्रमाण जास्त असते, टाकी लावून खोल गेलेल्यांचे फार कमी.

या आकड्यांनी तुम्हाला हायसे वाटावे अशी माझी इच्छा आहे, पण ते पूर्णपणे वाटू द्यावे की नाही याबद्दल मी साशंक आहे, कारण ही मोजणी 'विनाचिथावणी' घटनांची आहे. माणूस शार्कला खाऊ घालत असताना, हात लावत असताना किंवा डिवचत असताना झालेला चावा या नोंदीत वेगळ्या वर्गात टाकला जातो. तुमच्यासाठी आरक्षित केलेली डायव्ह आमिषाची आहे. म्हणजे 'शार्क माणसाला क्वचितच चावतात' हे विधान ज्या परिस्थितीबद्दल केले जाते, ती परिस्थिती त्या सकाळी तिथे नसेल. असे दिलासे देणारे आकडे आयोजक मोठ्या उत्साहाने सांगतात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा.

याचा अर्थ आमिषाची प्रत्येक डायव्ह घातकच असते असा मात्र नाही. अनुभवी चमू, ठरलेली जागा, आमिष हाताळणारी ठरावीक माणसे आणि डायव्हरना एका बाजूला स्थिर बसवण्याची शिस्त असेल, तर अशा डायव्ह वर्षानुवर्षे सुरळीत चालतात. फिजीमधल्या शार्क रीफ या राखीव क्षेत्राचे उदाहरण देता येईल. तिथे प्रत्येक डायव्हरकडून घेतलेले शुल्क त्या प्रवाळावरचा मासेमारीचा हक्क सोडणाऱ्या गावांना मिळते आणि त्यामुळे शार्क जिवंत राहण्यात गावकऱ्यांचाही लाभ असतो. दुसरीकडे फ्लोरिडा आणि हवाई या अमेरिकी राज्यांनी आपल्या हद्दीतल्या पाण्यात डायव्हरसाठी शार्कना खाऊ घालण्यावर बंदी आणली. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला व्हेल शार्कना रोज हाताने खाऊ घातले जाते, आणि काही मासे त्यामुळे त्याच किनाऱ्यापाशी दीर्घकाळ रेंगाळू लागल्याचे संशोधकांना आढळले आहे. या वादात माझा कल सांगायचा तर मला आमिषाविना होणारी भेट अधिक पसंत आहे. शार्क आपल्या वाटेने जाताना दिसला तर त्याचे खरे वागणे दिसते. अन्नाच्या वासाने उत्तेजित झालेल्या, एकमेकांना रेटणाऱ्या प्राण्यांचा घोळका पाहिला तर मनातली जुनी प्रतिमाच घट्ट होण्याची शक्यता असते, आणि तुमच्यासारख्या आधीच घाबरलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर ती फारच असते.

आता तुमच्या पत्रातल्या खोलीकडे वळू. ओपन वॉटर प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंतच्या डायव्हसाठी असते, त्यापुढे 30 मीटरपर्यंत जायचे तर पुढचा अभ्यासक्रम करावा लागतो. प्रमाणपत्र नसताना प्रशिक्षकासोबत केल्या जाणाऱ्या ओळखीच्या डायव्हची मर्यादा साधारणपणे 12 मीटर मानली जाते. म्हणजे 25 मीटरची ही डायव्ह तुमच्या आवाक्याच्या बाहेर आहेच, पण तुमच्या पतींच्याही प्रशिक्षणाच्या बाहेर आहे. हे त्यांच्या लक्षात आले आहे का? बहुधा नाही, कारण घरात सगळी चर्चा शार्कभोवती फिरत असणार. या मर्यादा केवळ कागदी नाहीत. 25 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या साडेतीन पट असतो, त्यामुळे तेवढाच श्वास घ्यायला टाकीतली साडेतीन पट हवा खर्च होते, आणि घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. टाकीत किती हवा उरली हे दाखवणाऱ्या प्रेशर गेजकडे लक्ष ठेवणे, कान वेळीच मोकळे करणे, तरंगण्यावर ताबा ठेवणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी काढणे ही कामे ज्याला सवयीने जमत नाहीत, त्याने ती शार्कच्या वर्तुळात प्रथमच करून पाहू नयेत. डायव्हिंगमधल्या मृत्यूंच्या कारणांचा जेव्हा जेव्हा अभ्यास होतो, तेव्हा हवा संपणे, घाईने वर येणे आणि हृदयविकार हीच नावे वरच्या क्रमाने येतात. शार्क त्या यादीत जवळजवळ नसतोच.

म्हणूनच 'आम्ही नवशिक्यांनाही नेतो' हे वाक्य तुम्हाला धीर देण्यासाठी लिहिलेले असले तरी मला ते धोक्याची सूचना वाटते. चांगला आयोजक तुम्हाला होकार देण्याआधी प्रश्न विचारतो. प्रमाणपत्र कोणते आहे, शेवटची डायव्ह कधी केली, किती खोल गेलात, प्रवाहात पोहण्याचा अनुभव आहे का, हे तो विचारतो आणि उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी जागा सुचवतो. शार्क जिथे हमखास दिसतात त्या जागा पुष्कळदा जोराच्या प्रवाहाच्या असतात, हेही तो लपवत नाही.

आता त्या अर्जाविषयी. कृपया तो रकाना खोटा भरू नका. हे मी आयोजकाच्या वतीने किंवा नियमाच्या धाकाने सांगत नाही. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि फुप्फुसाच्या काही भागांत शिरलेली हवा सहज बाहेर पडत नाही. जमिनीवर याचा परिणाम धाप लागण्यापुरता असू शकतो. पाण्याखाली आपण दाबाखालची, कोरडी आणि थंड हवा घेत असतो, खोलीवर ती दाट झाल्यामुळे श्वासाला जास्त श्रम पडतात, आणि टाकीतली हवा तोंडाशी पोहोचवणाऱ्या रेग्युलेटरमधून खाऱ्या पाण्याचे बारीक तुषारही आत जाऊ शकतात. यातले प्रत्येक कारण दमा चाळवायला पुरेसे असते. खरा धोका वर येताना असतो. 10 मीटरवर फुप्फुसात असलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा व्यापते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. स्कूबाच्या प्रशिक्षणात 'श्वास कधीही रोखून धरू नका' हा नियम सर्वांत आधी शिकवला जातो तो याच कारणासाठी, आणि दम्याच्या झटक्यात फुप्फुसाचा एखादा भाग आपल्या इच्छेविरुद्ध श्वास रोखून धरत असतो.

याच मुद्द्यावर तुमचे एक गृहीत मला तपासून पाहावेसे वाटते. 'दमा लिहिला की अडवतील' असे तुम्ही मानता. प्रत्यक्षात 'होय' असे लिहिल्यावर बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचे संमतिपत्र मागतात, एवढेच. लहानपणचा दमा हा काही आपोआप लागू होणारा नकार नाही. अलीकडे झटके आलेले नाहीत, श्वसनक्षमतेची चाचणी चांगली आहे, व्यायामानंतरही ती घसरत नाही, असे दिसले तर डायव्हिंगच्या वैद्यकशास्त्राची माहिती असलेला डॉक्टर परवानगी देऊ शकतो. तुम्हाला अजूनही इनहेलर लागतो, तेव्हा उत्तर काय येईल हे मी इथे बसून सांगू शकत नाही. परंतु ते उत्तर तुम्हाला कळायला हवे, आणि तुमच्यासोबत पाण्यात उतरणाऱ्या मार्गदर्शकालाही. खाली काही बिघडले तर तुम्हाला नेमके काय होते आहे हे ओळखण्यासाठी त्याच्या हातात काही क्षणच असतात. आणखी एक व्यावहारिक गोष्ट अशी की आजार लपवलेला आढळला तर विमा कंपनी उपचारांचा खर्च नाकारू शकते. शिवाय प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये स्कूबा मुळातच वगळलेले असते किंवा त्यावर खोलीची मर्यादा असते, तेव्हा ती पॉलिसी एकदा नीट वाचा.

विमानाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, पण त्यात तडजोड नको. डायव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि तो पुरता बाहेर पडण्याआधी विमानातल्या कमी दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे तयार होऊ शकतात. एकच साधी डायव्ह केली असेल तर विमानप्रवासाआधी किमान 12 तास आणि लागोपाठ किंवा अनेक दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबावे, अशी सर्वमान्य सूचना आहे. पूर्ण दिवस मोकळा ठेवला तर उत्तमच. तुमच्या गटातली जी मंडळी आठवडाभर डायव्ह करणार आहेत, त्यांना सकाळी डायव्ह आणि रात्री विमान हा बेत जमणारा नाही, मग शार्कची भीती असो वा नसो. डायव्ह सुटीच्या मधल्या दिवसांत आणा. गटापुढे तुम्ही सर्वांत आधी हा मुद्दा मांडावा असे मला वाटते, कारण तो सर्वांच्या हिताचा आहे आणि त्यावर कोणी 'घाबरट' म्हणू शकत नाही.

आता 'भीती एकदा मोडली की संपली' या तुमच्या पतींच्या म्हणण्याकडे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पाण्याखालचे जग तुम्हालाही दाखवावे असेच त्यांना वाटत असणार. मात्र पाण्यात हे तत्त्व चालवणे धोक्याचे आहे. जमिनीवर घाबरलेला माणूस थांबू शकतो, बसू शकतो, पळू शकतो. 25 मीटरवर घाबरलेल्या माणसाला सर्वांत प्रबळ इच्छा होते ती थेट वर झेपावण्याची, आणि तिथे नेमकी तीच कृती सर्वांत घातक असते. भीतीला एका धक्क्यात मोडायला गेले तर ती तिथेच, सर्वांत वाईट जागी, उसळून येते. पायरीपायरीने मिळवलेले कौशल्य तिला खरोखर कमी करते, कारण तेव्हा 'मला हे जमते' हे शरीराला ठाऊक झालेले असते.

तुम्ही नकार दिला तर इतरांचा आनंद नासेल, हे गृहीतही मला पटत नाही. डायव्हिंगमध्ये एक जुना आणि सर्वांना मान्य असलेला संकेत आहे की कोणताही डायव्हर, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता डायव्ह थांबवू शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. तोच हक्क नावेवर आहे आणि नावेत चढण्याआधीही आहे. उलट मनाविरुद्ध उतरलेला एक माणूस खाली घाबरला तर सर्वांची डायव्ह तिथेच संपते आणि मार्गदर्शकाला इतरांकडचे लक्ष काढून त्याच्याकडे वळवावे लागते. पतींशी बोलताना 'मला भीती वाटते' एवढ्यावर थांबू नका, कारण त्यावर त्यांचे उत्तर तयार आहे. 'ही डायव्ह तुमच्या प्रमाणपत्राच्या पलीकडची आहे, माझ्या दम्याचा निर्णय डॉक्टरांनी द्यायचा आहे आणि विमानाची वेळ जुळत नाही' असे सांगा. त्यांनाही या बोलण्याची गरज आहे. इतक्या वर्षांनी पुन्हा पाण्यात उतरणाऱ्याने आधी प्रशिक्षकासोबत एक उजळणीचे सत्र करायलाच हवे.

मग करता काय येईल? डॉक्टरांनी परवानगी दिली आणि तुम्हाला स्वतःला शिकावेसे वाटले, तर हातात असलेल्या दोन महिन्यांत ओपन वॉटर अभ्यासक्रम करता येतो. त्यानंतर बेटावर पहिल्या दिवसांत शार्कचा विषयही न काढता उथळ प्रवाळावर एक-दोन शांत डायव्ह करा. तेवढ्यात पाण्याखाली श्वास संथ झाला, हात आपोआप स्थिर राहू लागले, तर 10 ते 15 मीटरवर, आमिषाविना, रीफ शार्क दिसतात अशी जागा मागा. अशा जागा पुष्कळ असतात. मालदीवने 2010 मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, प्रशांत महासागरातल्या पलाऊ या द्वीपदेशाने तर 2009 मध्येच आपला सारा समुद्र शार्कसाठी अभय क्षेत्र म्हणून जाहीर केला, बहामानेही 2011 मध्ये शार्कच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली. अशा पाण्यात शार्क दिसण्यासाठी त्यांना बोलवावे लागतेच असे नाही.

परवानगी मिळाली नाही किंवा शिकण्याची इच्छाच झाली नाही, तरी शार्क पाहण्याची वाट बंद होत नाही. ब्लॅकटिप रीफ शार्कची पिल्ले गुडघाभर पाण्यातही फिरताना दिसतात. मार्गदर्शकासोबत स्नॉर्केलिंग करून, तरंगण्याचे जॅकेट घालून, वरून शार्क पाहता येतात. अर्थात तुमच्या बाबतीत स्नॉर्केलिंगविषयीही डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि इनहेलर नावेवर जवळ ठेवावा. काचेच्या तळाची नाव हाही पर्याय आहे, आणि तो कमीपणाचा मुळीच नाही.

आयोजक निवडताना काय विचारावे हे इतर वाचकांसाठीही लिहितो. प्रत्यक्ष कमाल खोली आणि त्या दिवशीचा प्रवाह किती, एका मार्गदर्शकामागे किती डायव्हर, नावेवर ऑक्सिजन आहे का, सर्वांत जवळचे रिकम्प्रेशन चेंबर (रक्तातल्या बुडबुड्यांवर उपचार करणारी दाबाची खोली) कुठे आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, एखाद्याने वर येण्याची खूण केली तर त्याच्यासोबत कोण वर येणार, हे सगळे विचारा. आमिष वापरत असतील तर ते कोण हाताळतो आणि डायव्हर त्यापासून किती दूर असतात, हेही विचारा. या प्रश्नांनी जो आयोजक वैतागेल, त्याच्यासोबत जाऊ नका.

आणि शार्क समोर आला तर? गटाला धरून राहावे, शक्यतो प्रवाळभिंतीकडे पाठ ठेवावी, हात अंगाशी ठेवावेत, चमकणारे दागिने नावेवरच ठेवावेत, शार्ककडे नजर ठेवून सावकाश श्वास घ्यावा. पाठलाग करू नये, हात लावू नये, त्याची वाट अडवू नये. ग्रे रीफ शार्कला कोंडल्यासारखे वाटले तर तो पाठीला बाक देतो, छातीचे पर खाली झुकवतो आणि अंगाला हिसके देत पोहू लागतो. तो इशारा असतो. तसे दिसताच त्याला मोकळी वाट देत हळूहळू मागे सरकावे.

हे सर्व मी कळकळीने लिहितो आहे, कारण तुम्ही शार्क पाहावेत असे मला मनापासून वाटते. 1970 नंतर खुल्या समुद्रातल्या शार्क आणि रे माशांची संख्या सुमारे 71 टक्क्यांनी घटली, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले, आणि त्यामागचे प्रमुख कारण बेसुमार मासेमारी आहे. पलाऊमधला एक प्रवाळ शार्क त्याच्या हयातीत पर्यटनातून सुमारे 19 लाख अमेरिकी डॉलर मिळवून देतो, असा अंदाज 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी मांडला होता. शार्क जिवंत असण्याला जगात किंमत मिळते ती तुमच्यासारखी माणसे ते पाहायला जातात म्हणून. फक्त ती भेट तुमच्या फुप्फुसाला, तुमच्या प्रशिक्षणाला आणि तुमच्या मनाला झेपेल अशी असावी.

या आठवड्यात दोन कामे करा. डॉक्टरांची वेळ घ्या, आणि शक्य असेल तर डायव्हिंगची वैद्यकीय तपासणी करणारा डॉक्टर शोधा, अन्यथा श्वसनविकारतज्ज्ञांकडे तो अर्ज घेऊन जा. आयोजकांना लेखी कळवा की शेवटच्या दिवशीच्या डायव्हची तारीख बदलायची आहे आणि वैद्यकीय संमती मिळेपर्यंत तुमचे नाव राखून ठेवावे. बऱ्याच आयोजकांकडे तारीख बदलण्याची मुदत डायव्हच्या काही आठवडे आधीच संपते, म्हणून ते पत्र आजच पाठवलेले बरे.